प्रक्षिप्त ओव्या

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

अलिबागच्या व्याख्यानमालेचं आमंत्रण आलं. विषय मी फोनवरच सांगून टाकला, 'बायबल कोणी ठरवलं?' पलीकडून सचिव म्हणाले, "थळेसर, आपल्या लोकांना त्यात रस असेल का?" मी म्हटलं, प्रश्न बायबलचा नाही, सत्तेचा आहे. कुठलाही पवित्र ग्रंथ बांधणी होऊन आकाशातून पडत नाही. चार माणसं बसतात, हे ठेवा म्हणतात, ते फेका म्हणतात. आणि फेकलेल्याच्या बाजूने बोलायला कुणी उरत नाही. मी त्या फेकलेल्यांच्या बाजूने बोलणार आहे!

फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं की मी उभा राहून बोलत होतो. सुचिता आतून म्हणाली, "झालं का भाषण? भात निवतोय."

कॉलेजातून निवृत्त झालो त्याला चार वर्षं झाली. आवाज अजून निवृत्त झालेला नाही.

१३ फेब्रुवारी

एक अडचण. भाषणाचा शेवट नायसियाच्या परिषदेवर करायचा होता. इसवी सन ३२५, समोर सम्राट, आणि बिशप हात वर करून पुस्तकं निवडताहेत. दृश्य डोळ्यांसमोर उभं होतं. आज संदर्भ काढायला बसलो तर त्या परिषदेच्या निर्णयांत पुस्तकांचा विषयच नाही. नव्या कराराची सत्तावीस पुस्तकांची आज आहे तशी यादी पहिल्यांदा दिसते ती ३६७ साली, इजिप्तमधल्या एका बिशपच्या पत्रात. तेही ईस्टर कधी येतो हे कळवायला लिहिलेलं पत्र. पुढे उत्तर आफ्रिकेतल्या परिषदांनी तीच यादी धरली.

पण टपालावर कोण टाळ्या वाजवणार? ठरवलं आहे की नायसियाचं नाव घ्यायचं नाही. नुसतं 'परिषदा' म्हणायचं, आणि म्हणताना हात उंचावायचा. यात खोटं काहीच नाही.

१६ फेब्रुवारी

सुचिताचा चुलतभाऊ विनेश आला होता. कोळीवाड्यातल्या खडकाईच्या देवळाच्या कमिटीचा तो नवा अध्यक्ष. चैत्र पौर्णिमेला खडकाईची पालखी भरतीच्या काठाशी नेऊन वाळूवर ठेवतात आणि बायका 'हाका' म्हणतात. दर्यावर गेले आणि ज्यांचं काहीच परत आलं नाही, अशा माणसांना मारलेल्या हाका. एकेकाची एकेक ओवी. सगळ्यात वयस्कर बाईने शेवटची ओळ म्हटली की मगच भोई पालखीला खांदा देतात.

"दाजी, याचं पुस्तक छापायचं हाय," विनेश म्हणाला. "शाळेतल्या पोरी माईकवर म्हणतील. यूट्यूबला टाकू. पण परत्येक बाय येगळंच म्हनते, कुनाची ओवी आधी, कुनाची मागून. तुमी एक काय ते नक्की करून द्या."

आत सुचिता भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

मी एकच अट घातली. माझ्या कामात कुणी ढवळाढवळ करायची नाही.

"आता जावयाला कोन बोलनार?" विनेश हसला.

हे खरंच आहे. सुचिताशी लग्न केलं तेव्हा आमच्या शेतकरी घरात मासे विकणारीची मुलगी नको म्हणून जे रणकंदन झालं ते मी एकट्याने परतवलं. त्या दिवसापासून मी नुसत्या तिच्या घरचा नव्हे, सबंध कोळीवाड्याचा जावई आहे. या वाड्यात मला आजवर कुणी 'नाही' म्हटलेलं नाही.

२० फेब्रुवारी

आज दिवसभर मार्सियन. काय माणूस! काळ्या समुद्रावरचा जहाजमालक. इसवी सन १४०च्या सुमारास रोमला आला आणि म्हणाला, शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, नंतरच्या लोकांनी भेसळ केली आहे. कात्री काढली. एकच शुभवर्तमान ठेवलं, तेही कापून. पौलाची दहा पत्रं ठेवली, तीही कापून. बाकी सगळं बाहेर! वर त्याची समजूत अशी की आपण मूळ शुद्ध रूप परत आणतो आहोत. केवढा हा अहंकार. ज्याने समुद्रावर पोट भरलं त्याला एवढं कळू नये, की जे पाणी येऊन मिसळलं तोही समुद्रच?

(वाक्य चांगलं आहे. भाषणात घेणे.)

२३ फेब्रुवारी

कोळीवाड्यात हाकांचं रेकॉर्डिंग केलं. जाळी विणायच्या शेडमध्ये बायका बसल्या, मध्ये मनुबाई. ती सगळ्यांत मोठी, म्हणून शेवटची ओळ तिची. सुरुवात फार सुंदर आहे :

खडकाई माझे आई, दर्यावर दिवा लाव,
वाट चुकल्या लेकरांचं एकेकाचं घे नाव.

मग शिडाच्या होडीवरून गेलेला कुणी, मग त्याचा भाऊ, मग दोघे चुलते. अंगावर काटा आला. आणि मग, जसजशा ओव्या पुढे जातात तसतसा काटा खाली बसतो. इंजिन येतं, बर्फाची पेटी येते, आणि शेवटी मनुबाई स्वतः, डोळे मिटून, आपल्या मुलासाठी :

निळं जर्किन अंगात, खिशात मोबाईल,
भिकू माझा मनुबाईचा कवा घरी येईल?

जर्किन! मोबाईल! देवीसमोर!

मी विचारलं, "मनुबाई, ही ओवी कुणी रचली?"

"मीच की. सा वर्सं जाली. रचली कसली, तो जाताना जसा दिसला तसा सांगितला. आईला वळखायला नको?"

शेजारची क्रांती म्हणाली, "सर, मोबाईल लागंल का इचारा तिला. अजून रिचार्ज मारते ती त्याचा."

बायका हसल्या. मनुबाईही हसली. मी रेकॉर्डिंग बंद केलं.

२६ फेब्रुवारी

संपादनाचे निकष नक्की झाले. ओवी जुनी हवी. ती वाड्याच्या सगळ्या आळ्यांत म्हटली जायला हवी, एका घरापुरती नको. आणि देवीच्या माहात्म्याला शोभायला हवी. जुनी कुठली हे ओळखायला मी साधी युक्ती काढली आहे. शीड असेल ती जुनी, इंजिन असेल ती नवी. या चाळणीतून अकरा ओव्या उतरतात. बाकीच्या प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घुसवलेल्या. त्या काढल्यावर मूळ हाकांचं शुद्ध रूप असं लखलखीत समोर येतं की आजवर कुणाला हे सुचलं कसं नाही, याचं नवल वाटतं.

२ मार्च, रविवार

व्याख्यान झालं. सभागृह भरलं होतं, मागे लोक उभे होते. मी दीड तास बोललो, पाणीसुद्धा प्यायलो नाही. इजिप्तच्या वाळूत सोळाशे वर्षं मातीच्या रांजणात लपून राहिलेली पुस्तकं सांगितली. एके काळी चर्चमधून आवडीने वाचलं जाणारं आणि तरी यादीच्या बाहेर राहिलेलं पुस्तक सांगितलं. कॅथलिकांच्या बायबलात असलेली पण प्रॉटेस्टंटांनी बाजूला काढलेली पुस्तकं सांगितली, आणि इथिओपियाने आजही छातीशी धरलेलं हनोखाचं पुस्तक. अँटिओकच्या एका बिशपने पेत्राच्या नावावरचं एक शुभवर्तमान न वाचताच वाचायला परवानगी दिली, आणि नंतर वाचून ती काढून घेतली, या गोष्टीला मोठा हशा आला. मार्सियनच्या समुद्राच्या वाक्याला टाळ्या. 'परिषदा'ला हात उंचावला, तेव्हाही टाळ्या.

शेवटी कोर्लईच्या रोशबाई उभ्या राहिल्या. निवृत्त शिक्षिका, चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देतात. "सर, फार छान बोललात," त्या म्हणाल्या. "एक विचारू? यादी आली तेव्हा त्यातली बरीचशी पुस्तकं लोक दोनशे-अडीचशे वर्षं वाचतच होते ना? मग परिषदेने निवडलं म्हणायचं, का जे चाललं होतं त्यावर सही केली म्हणायचं? आणि जी बाहेर गेली ती सगळी हुकमानेच गेली, का काही लोकांनी वाचायचीच सोडली होती?"

प्रश्न चांगला होता. मी त्याचं उत्तर मोठ्या आवाजात दिलं. टाळ्या पडल्या. रोशबाई हसून खाली बसल्या.

घरी येताना मोटारीत उत्तर आठवून पाहिलं. त्यात उत्तर कुठे होतं ते सापडलं नाही.

सुचिता म्हणाली, "आज बोलताना तुम्ही रडाल असं वाटलं. त्या फेकलेल्यांसाठी."

"रडलोच असतो," मी म्हटलं.



६ मार्च

सकाळी मनुबाई आली. माशांची पाटी दारात उतरवली, पण आत आली नाही.

"जावईबापू, भिकूची ओवी घेतली न्हाय म्हनं."

मी तिला बसायला सांगून सगळं समजावलं. ओवी सहाच वर्षांची आहे. त्यात जर्किन आहे.

"त्याच्या अंगावर तेच व्हतं."

"पण मनुबाई, मूळच्या जुन्या ओव्या..."

"जुन्या गेलेल्यांच्या जुन्या. माझा आता गेला, त्याला मी काय करू?" मग ती उंबऱ्यावर टेकली. "तुमाला एक ठावं न्हाय, म्हनून सांगते. ओवी कवा काढतात? मानूस घरी आला का. तवाच. तो सदा, गुजरातच्या बोटीवर व्हता, धरून नेला पल्याडच्या लोकांनी. दोन वर्सांनी सुटून आला. त्या चैतात त्याची ओवी म्हटली न्हाय. आईला कळतं, हा आला, आता याला शोधायला नको. तुमी भिकूची काढलीत तर तिला वाटंल भिकू आला. मंग ती थांबंल ना शोधायची."

मी सांगितलं, श्रद्धेचा मला आदर आहे, पण पाठ असा ठरत नाही. हवं तर परिशिष्टात घेता येईल.

"म्हंजे?"

"मागची पानं."

"पोरी मागची पानं म्हनतील?"

"नाही. ती अभ्यासकांसाठी."

तिने पाटी उचलली. जाताना ओले बोंबील ओट्यावर ठेवून गेली, पैसे घेतले नाहीत. म्हणजे राग नाही. पटलं असावं.

१५ मार्च

कमिटीची बैठक. मी मजकूर समोर ठेवला आणि निकष सांगितले. सगळे "व्हय, व्हय" म्हणाले. एकानेही कागद उघडून पाहिला नाही, इतका विश्वास. एकमताने मंजूर!

घरी आल्यावर सुचिताला सांगितलं. ती लसूण सोलत होती.

"आबांची ओवी आहे का त्यात?"

आबा म्हणजे तिचे वडील, काळूराम. ती नववीत असताना वादळात होडी गेली. मी सांगितलं, नाही. त्यांच्या ओवीत इंजिन नाही, पण शीडही नाही. काळ ठरत नाही. संशयास्पद. खरं तर या ओवीवर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये.

"बरं," ती म्हणाली.

मला थोडा वाद अपेक्षित होता. वादाची तयारीही होती.

३० मार्च, गुढीपाडवा

पुस्तकं आली. पांढरं शुभ्र मुखपृष्ठ, त्यावर दिवा, खाली 'संपादक : प्रा. गणराज थळे'. पहिली प्रत सुचिताला दिली. तिने उघडली नाही. कपाळाला लावून देव्हाऱ्यात ठेवली. इतका मान आजवर माझ्या कुठल्याच पुस्तकाला मिळालेला नाही.

जेवणं झाल्यावर म्हणाली, "जत्रेपर्यंत मी वाड्यात राहते. बायकांना मदत लागेल." कोळीवाडा इथून चालत जाण्याएवढा जवळ आहे. पण बॅग बरीच मोठी होती.

१२ एप्रिल, चैत्र पौर्णिमा

सगळं जसं घडलं तसं लिहून ठेवतो, कारण उद्या लोक काहीही सांगतील.

सकाळी दहाच्या सुमाराला पालखी काठावर आणून ठेवली. पाणी चढत होतं. शाळेच्या पोरी पांढऱ्या कपड्यांत, हातात पुस्तक, समोर माईक. बाजूला विक्रीच्या प्रतींचे खोके. पोरींनी अकराही ओव्या अशा स्वच्छ म्हटल्या की मला वाटलं, हे खरं रूप, हे! एकही शब्द इकडचा तिकडे नाही. मग त्या थांबल्या, कारण पुढची ओळ मनुबाईची, 'हाका मारून झाल्या आई, चल आता घरा.'

मनुबाई पालखीशेजारी उभी होती. गप्प.

विनेश तिच्या कानाशी गेला. "मनुबाय, शेवटची ओळ."

"कशी म्हनू? हाका कुठं सरल्या?"

मला वाटलं ती पान विसरली. मी माईक घेतला आणि म्हटलं, "मनुबाई, पान नऊ. वरून दुसरी ओळ." मागे कुणीतरी फिसकन हसलं.

भोयांच्या घोट्याला पाणी लागलं. एकाने खांदा द्यायला हात पुढे केला, तर दुसऱ्याने त्याचा हात धरला. ओळ म्हटल्याशिवाय पालखी उचलत नाहीत. आईला अर्ध्या हाकांतून उठवून नेलं, तर बाकीच्यांना कोण आणणार? विनेश घामाघूम झाला. "मावशे, म्हन ना गो. पानी बघ."

"पानी मना काय दाखवतोस?" मनुबाई म्हणाली. "सा वर्सं पानीच बघते."

लाट आली आणि पालखीच्या खुरांना लागून गेली. माझे खोके भिजले. मी ते उचलायला वाकलो, तेवढ्यात मागून आवाज आला. मी ओळखलाच नाही. तीस वर्षांत त्या आवाजात गाणं ऐकलेलं नव्हतं.

लाल टोपी डोईवर, चुनाळू कंबरेला,
काळूराम बाप माझा, सांग त्याला यायला.

सुचिता. नऊवारी नेसून बायकांच्या मधोमध. तिची ओवी संपते ना संपते तो क्रांतीने आपल्या चुलत्याची उचलली. मग दुसरी, मग तिसरी. इंजिनं आली, बर्फाच्या पेट्या आल्या. पोरींनी पुस्तकं खाली केली आणि त्याही म्हणायला लागल्या. सगळ्या ओव्या त्यांना पाठ होत्या. सगळ्यांत शेवटी मनुबाईने भिकूला हाक मारली. जर्किन, मोबाईल, सगळ्यासकट. पाणी गुडघ्याला आलं होतं.

आता ती ओळ म्हणेल म्हणून भोई वाकले. तर सुचिताने हात वर केला. "थांबा गो. अजून एक राहिलाय." आणि माझ्याकडे बघून :

जाड चष्मा डोळ्यांवर, हातामंदी माईक,
सर बुडले पुस्तकात, आई त्यांची हाक ऐक.

हशा असा फुटला की भोई सावरून उभे राहिले. मनुबाई डोळे पुसत होती आणि हसत होती. मीही हसलो, सभ्यता म्हणून. माझ्या दोन्ही हातांत ओले खोके होते, आणि माईक काखेत, चालूच. हे सगळं स्पीकरवरून किहीमपर्यंत गेलं असणार.

मग मनुबाईने ओळ म्हटली. पालखी पाण्यातून वर आली.

१४ एप्रिल

देवळात जाऊन आलो. भिजली नव्हती ती एक प्रत लाल कापडात गुंडाळून देवीच्या डाव्या हाताला ठेवली आहे. बायका हळदकुंकू वाहतात, नमस्कार करतात. मी पुजाऱ्याला म्हटलं, कुणी उघडून वाचतं का? तो दचकला. "देवाचं पुस्तक, सर. त्याला कोन हात लावील?"

म्हणजे ते ग्रंथ म्हणून मान्य झालं आहे. एवढ्या लवकर हे भाग्य फार थोड्या ग्रंथांना लाभतं.

२० एप्रिल, ईस्टर

सकाळी रोशबाईंना शुभेच्छांचा फोन केला. त्यांनी यूट्यूबवर जत्रा पाहिली होती. "सर, फार सुंदर झालं," म्हणाल्या. मी विचारलं, नक्की काय? "शेवटचा भाग," त्या म्हणाल्या, आणि मला त्यांचं हसू ऐकू आलं.

सुचिता जत्रेच्या संध्याकाळीच घरी आली होती. त्या ओवीबद्दल आम्ही एक अक्षर बोललो नव्हतो. पण मी दुसऱ्या आवृत्तीचा विचार करतो आहे. सगळ्या ओव्या घ्याव्यात, असं मत झालं आहे. अर्थात जर्किनच्या खाली टीप देऊन. राहिला प्रश्न त्या शेवटच्या ओवीचा. ती प्राचीन नाही. देवीच्या माहात्म्याला शोभणारी तर मुळीच नाही. पण प्रसार म्हणाल, तर परवा बाजारात मासे घ्यायला गेलो तेव्हा तीन दुकानांपलीकडून कुणीतरी ती गुणगुणत होतं. शिवाय रचना निर्दोष आहे, हे मान्य करायला हवं.

दुपारी सुचिता मागच्या दारी कोळंबी सोलत बसली होती. मी प्रुफं घेऊन तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, ही ओवी छापायची का?

"छापा नाहीतर नका छापू," ती म्हणाली. "पुढल्या चैत्रात म्हणायची का नाही, ते आम्ही बघू. ओवी कधी काढतात, माहीत आहे ना तुम्हाला?"

"माणूस घरी आला की."

"हं."

"पण मी तर घरीच आहे," मी म्हटलं.

तिने माझ्या मांडीवरच्या कागदांकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि ताटलीतली पुढची कोळंबी उचलली.

"असं तुम्हाला वाटतं," ती म्हणाली.